हॅन्सन, रॉबर्ट फिलिप

(18 एप्रिल 1944 – 5 जून 2023). अमेरिकेच्या एफबीआय या तपासयंत्रणेतील अधिकारी व आधी सोव्हिएट संघाला, मग रशियाला सरकारी गुपिते विकणारा हेर. जन्म शिकागो येथे, पोलीस अधिकाऱ्याच्या घरी. काही वर्षे शिकागो पोलीस दलात काढून तो 1976 मध्ये एफबीआयमध्ये दाखल झाला. पुढे त्याच्याकडे सोव्हिएट हेरांवर नजर ठेवण्याचे, म्हणजे प्रतिहेरगिरीचे काम आले.

1979 मध्ये त्याने सोव्हिएट लष्करी गुप्तचर संघटनेशी (जीआरयू) संधान बांधले आणि अमेरिकेला माहिती पुरवणारे सोव्हिएट लष्करी अधिकारी दिमित्री पोल्याकोव्ह यांचे नाव फोडले. 1980 मध्ये पत्नीला सुगावा लागल्यावर हे उद्योग काही काळ थांबले. ऑक्टोबर 1985 मध्ये त्याने केजीबीला निनावी पत्र धाडले. अमेरिकेसाठी काम करणाऱ्या तीन केजीबी अधिकाऱ्यांची नावे त्यात होती. सीआयएमधील फितूर ऑल्ड्रिच एम्स याने ती आधीच कळवली होती. तिघांपैकी मार्टिनोव्ह व मोटोरिन यांना मृत्युदंड झाला, तर युझिन यांना तुरुंगवास.

हॅन्सनने आपले खरे नाव मॉस्कोलाही कळू दिले नाही. तो ‘रमोन गार्सिया’ या टोपणनावाने व्यवहार करी. कागदपत्रे प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून उद्यानातील पुलाखाली ठेवायची, मोबदलाही ठरल्या जागेवरून उचलायचा, अशी त्याची रीत होती. वॉशिंग्टनमधील सोव्हिएट वकिलातीखाली अमेरिकेने खणलेल्या भुयाराची माहितीही त्याने पुरवली. रोकड, हिरे व मॉस्कोत त्याच्या नावे ठेवल्याचे सांगितलेली रक्कम मिळून हा मोबदला सुमारे 14 लाख डॉलर होता. सोव्हिएट संघ कोसळताना, 1991 मध्ये, त्याने संपर्क तोडला आणि 1999 मध्ये तो पुन्हा जोडला.

एम्सच्या अटकेनंतरही (1994) काही फितुरींचा उलगडा होईना. संशय मात्र सीआयएच्या एका निरपराध अधिकाऱ्यावर गेला व त्याला दीर्घ चौकशी सोसावी लागली. अखेर एफबीआयने 70 लाख डॉलर मोजून एका माजी केजीबी अधिकाऱ्याकडून मूळ दप्तर मिळवले. त्यातील ध्वनिफितीवरचा आवाज व पिशवीवरचे बोटांचे ठसे हॅन्सनचे निघाले. 18 फेब्रुवारी 2001 रोजी व्हर्जिनियातील फॉक्सस्टोन पार्कमध्ये पाकीट ठेवताच त्याला अटक झाली. मृत्युदंड टाळण्यासाठी त्याने 15 आरोप कबूल केले. मे 2002 मध्ये त्याला आजन्म कारावास ठोठावण्यात आला. कोलोरॅडोतील फ्लॉरेन्स येथील कडेकोट तुरुंगात त्याचा मृत्यू झाला.

न्यायखात्याच्या महानिरीक्षकांच्या 2003 मधील अहवालाने या प्रकरणाचा दोष हॅन्सनच्या चातुर्यापेक्षा एफबीआयच्या ढिलाईवर ठेवला. 25 वर्षांच्या नोकरीत त्याची एकदाही पॉलिग्राफ चाचणी झाली नव्हती. आपल्यावर संशय आहे का, हे तो कार्यालयाच्याच संगणकावर स्वतःचे नाव टाकून तपासत असे.