नेवाडाचा द्यूतपरवाना

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं नेवाडानें १९३१ सालीं द्यूतास कायद्याची मान्यता दिली, तेव्हां शेरीफाकडे शुल्क भरलें म्हणजे परवान्याचें काम भागत असे. पुढें या धंद्यांत गुंडटोळ्यांचा पैसा शिरला. म्हणून १९५५ सालीं नियंत्रण मंडळ व १९५९ सालीं त्यावर आयोग नेमण्यांत आला. परवाना हा हक्क नव्हे, सरकारनें दिलेली सवलत, असें तत्त्व ठरून आपली पात्रता सिद्ध करण्याचा भार अर्जदारावर आला. भांडवल कोठून आलें, उठबस कोणाशीं, सारें उघड करावयाचें! १९६३ सालीं विख्यात गायक फ्रँक सिनात्रा याच्या टाहो सरोवराकांठच्या द्यूतगृहांत शिकागोचा टोळीनायक सॅम जियांकाना राहिल्याचा ठपका आला. प्रवेशबंदीच्या सरकारी यादींत जियांकानाचें नांव होतें. गळ्याची कीर्ति येथें कामास आली नाहीं. प्रकरण न लढवितां सिनात्रानें परवाना परत केला.