शिफारसपत्राचें मोल

हिंदुस्थानांतील इंग्रजांच्या बंगल्यांतून चाकरी करणारा मनुष्य आपल्या पूर्वीच्या धन्यानें दिलेली चिठ्ठी जिवापाड जपून ठेवीत असे. नव्या दारीं उभें राहतांना तीच त्याची अब्रू आणि तेंच त्याचें भांडवल. ही चिठ्ठी इतकी सर्वतोमुखी झाली कीं, ‘चिट’ या रूपानें ती इंग्रजी शब्दकोशांत जाऊन बसली. परंतु शिफारस कोणी केली याहूनहि, शिफारस करणारानें स्वतः काय पाहिलें होतें, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. श्रीनिवास रामानुजन यांच्या चरित्रांतील १९१० ते १९१३ हा काळ या दृष्टीनें पाहण्यासारखा आहे.

१९१० सालीं रामानुजन यांचा विवाह झालेला होता, पण हातीं ना पदवी ना नोकरी. गणिताच्या ध्यासापायीं इतर विषयांकडे दुर्लक्ष होऊन एफ. ए. ची परीक्षा त्यांना साधली नव्हती. जगाला दाखविण्याजोगा एकच दाखला त्यांच्याजवळ होता, तो म्हणजे सूत्रांनीं भरलेल्या वह्या. त्या घेऊन ते डेप्युटी कलेक्टर व्ही. रामस्वामी अय्यर यांच्याकडे कारकुनी मागावयास गेले. पुण्यास मुख्य ठाणें असलेल्या इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीची १९०७ मध्यें स्थापना करणारे गृहस्थ ते हेच. त्यांनीं वह्या चाळल्या आणि नोकरी दिली नाहीं! महसूल खात्याच्या दप्तरांत ही प्रतिभा गुदमरून जाईल, असें त्यांना वाटलें. त्याऐवजीं त्यांनीं मद्रासच्या परिचित गणितज्ञांकडे रामानुजन यांस धाडलें. तेथून प्रा. शेषु अय्यर यांच्या पत्रानें ते नेल्लोरचे कलेक्टर रामचंद्र राव यांजपर्यंत पोहोंचले. रावांनीं कांहीं काळ पदरच्या पैशानें त्यांचा चरितार्थ चालविला. परंतु दुसऱ्याच्या जिवावर फार दिवस राहणें रामानुजन यांना रुचेना.

९ फेब्रुवारी १९१२ रोजीं त्यांनीं मद्रास पोर्ट ट्रस्टकडे कारकुनाच्या जागेसाठीं अर्ज केला. आपलें शिक्षण अर्धवट राहिलें, हें त्यांत त्यांनीं लपविलें नाहीं. सोबत प्रेसिडेन्सी कॉलेजांतील गणिताचे प्राध्यापक मिडलमास्ट यांचें शिफारसपत्र जोडलेलें होतें. प्राध्यापकांनीं असाधारण गणिती बुद्धीची ग्वाही तर दिलीच, पण उमेदवाराचा हात आंकडेमोडींत अतिशय जलद आहे, हेंहि आवर्जून नमूद केलें. हिशेबी कचेरीला जें जाणून घ्यावयाचें होतें, तें नेमकें यांत आलें. मार्च १९१२ मध्यें दरमहा ३० रुपयांवर रामानुजन तेथें रुजू झाले.

पोट भरलें; आणि फावल्या वेळांत गणितहि चालूं राहिलें. १६ जानेवारी १९१३ रोजीं केंब्रिजचे प्रा. हार्डी यांस त्यांनीं जें पत्र लिहिलें, त्याला आधार कोणा प्रतिष्ठिताच्या शब्दाचा नसून सोबत धाडलेल्या प्रमेयांचा होता. त्याच सुमारास वेधशाळांचे प्रमुख गिल्बर्ट वॉकर मद्रासेस आले आणि त्यांना रामानुजन यांचें काम दाखविण्यांत आलें. २६ फेब्रुवारीस त्यांनीं विद्यापीठास पत्र लिहिलें. वॉकर स्वतः थोर गणिती. तरी शुद्ध गणिताच्या या शाखा आपल्या अभ्यासाच्या नसल्यानें या तरुणाला युरोपांत कीर्ति लाभेल कीं नाहीं तें सांगतां येत नाहीं, अशी त्यांनीं प्रांजळ कबुली दिली. पण कांहीं वर्षें पोटाची काळजी न करतां त्याला गणित करूं देणें विद्यापीठास सर्वथैव उचित होईल, हेंहि त्यांनीं तितक्याच ठामपणें लिहिलें. आपल्या ज्ञानाची मर्यादा सांगणाऱ्या या पत्रानें काम झालें. विद्यापीठानें दरमहा ७५ रुपयांची शिष्यवृत्ति दोन वर्षांसाठीं दिली. पुढें मार्च १९१४ मध्यें रामानुजन विलायतेस निघाले आणि १९१८ मध्यें रॉयल सोसायटीचे सभासद झाले.

या सर्वांत पदानें मोठे असे अनेकजण होते. परंतु उपयोग झाला तो त्यांच्या हुद्द्यापेक्षां, प्रत्येकानें वही उघडून पाहिली याचा. ज्याला स्वतःचा निर्णय अपुरा वाटला, त्यानें अधिक जाणत्याकडे वाट दाखविली. आजहि अर्जाखालीं नांवें देतांना उमेदवार बहुधा ओळखींतलें सर्वांत वजनदार नांव शोधतो. त्यापेक्षां आपलें काम जवळून पाहिलेला मनुष्य त्यानें शोधावा, हें बरें. आणि ज्याच्याकडे असें पत्र मागितलें जाईल, त्यानें लेखणी उचलण्यापूर्वीं वही उघडून पाहावी. कारण त्या चार ओळींवर कुणाचें तरी सारें आयुष्य अवलंबून असूं शकतें.