ऑटो-डेबिट : नकोशी वजावट आणि ती थांबवण्याचे मार्ग

खातेदाराने एकदा दिलेल्या संमतीवरून त्याच्या बँक खात्यातून, कार्डावरून किंवा यूपीआयमधून ठरावीक मुदतीने रक्कम आपोआप वळती होण्याची व्यवस्था. कर्जाचे हप्ते, विम्याचे प्रीमियम, म्युच्युअल फंडाची एसआयपी ही तिची जुनी व उपयुक्त रूपे होत. गेल्या काही वर्षांत मालिका-चित्रपटांची ॲप, भविष्य सांगणारी ॲप, इंग्रजी संभाषण शिकवणाऱ्या आणि फोटो साठवणाऱ्या सेवा यांची वर्गणीही याच वाटेने जाऊ लागली. तेव्हापासून ‘पैसे परस्पर कापले’ ही तक्रार बँकेच्या काउंटरवर रोजची झाली आहे. प्रस्तुत नोंद भारतातील व्यवस्थेपुरती आहे.

या तक्रारींच्या मुळाशी पुष्कळदा एक गैरसमज असतो : मोबाइलमधून ॲप काढून टाकले की वर्गणी बंद झाली. प्रत्यक्षात पैसे कापण्याची परवानगी, म्हणजे ‘मँडेट’, ॲपमध्ये नसते. ते बँकेच्या आणि पेमेंट यंत्रणेच्या नोंदीत असते आणि ॲप पुसल्याने त्याला धक्काही लागत नाही. म्हणून सेवा बंद करणे आणि मँडेट रद्द करणे ही दोन वेगळी कामे आहेत, आणि दोन्ही करावी लागतात. कंपनीला नुसता ‘सेवा नको’ असा ईमेल धाडून निर्धास्त राहणाऱ्याचे पैसे पुढच्या महिन्यात पुन्हा जाण्याची शक्यता राहते.

पूर्वपीठिका. रिझर्व्ह बँकेची इलेक्ट्रॉनिक क्लिअरिंग सर्व्हिस, म्हणजे ईसीएस, १९९० च्या दशकातली. कागदी अर्जावर सही करून विजेचे किंवा टेलिफोनचे बिल खात्यातून कापण्याची मुभा द्यायची, अशी ती पद्धत. पुढे नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया (एनपीसीआय, स्थापना २००८, मुख्यालय मुंबई) या संस्थेने नॅशनल ऑटोमेटेड क्लिअरिंग हाऊस, म्हणजे ‘नॅच’, उभारले आणि ईसीएसचे काम हळूहळू तिकडे गेले. १ ऑगस्ट २०२१ पासून नॅच रविवारी आणि सुट्टीच्या दिवशीही चालते. ‘आज बँक बंद आहे, हप्ता उद्या जाईल’ हा हिशेब तेव्हापासून चुकू लागला.

नकोशा वर्गणीचा पहिला मोठा अनुभव मात्र मराठी घरांना बँकेतून आला नाही, तो मोबाइलच्या बॅलन्समधून आला. कॉलर ट्यून, क्रिकेटचा स्कोअर, राशिभविष्य असे काहीबाही सुरू होई आणि रिचार्ज केलेले पैसे दोन दिवसांत संपत. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने (ट्राय) २०११ मध्ये अशा सेवांसाठी ग्राहकाकडून दुहेरी खात्री करून घेण्याचा निर्देश दिला. २०१३ मध्ये तो आणखी कडक केला. सेवा बंद करण्यासाठी १५५२२३ हा सामाईक क्रमांक ठेवण्यात आला. आज बँक खात्यांबाबत होणारा सगळा वाद त्या वेळी चिल्लर रकमांवर एकदा होऊन गेला आहे.

सध्याची नियमचौकट. रिझर्व्ह बँकेने २१ ऑगस्ट २०१९ रोजी कार्डावरील आवर्ती व्यवहारांसाठी ई-मँडेटचे परिपत्रक काढले आणि जानेवारी २०२० मध्ये तीच चौकट यूपीआयला लागू केली. नोंदणीच्या वेळी ओटीपी किंवा पिन सक्तीचा, प्रत्येक वजावटीच्या किमान २४ तास आधी सूचना, वजावटीनंतर पुन्हा सूचना, केव्हाही बाहेर पडण्याची सोय, आणि या साऱ्यासाठी ग्राहकाकडून शुल्क नाही, असा तिचा गाभा आहे. दरवेळी ओटीपी न मागता कापता येणारी रक्कम आरंभी २,००० रुपये होती. १ जानेवारी २०२१ पासून ती ५,००० आणि जून २०२२ मध्ये १५,००० झाली. डिसेंबर २०२३ मध्ये म्युच्युअल फंड, विमा प्रीमियम आणि क्रेडिट कार्डाचे बिल या तीन कारणांसाठी मर्यादा एक लाखापर्यंत नेली गेली. नियम न पाळणारे व्यवहार १ ऑक्टोबर २०२१ पासून बंद झाले. त्या महिन्यात अनेकांच्या परदेशी सेवांच्या वर्गण्या अडकल्या आणि बरीच ओरड झाली. पण विसरून गेलेली कितीतरी मँडेट त्याच तडाख्यात आपसूक मेली, हे कोणी फारसे बोलून दाखवले नाही.

चौकटीतला कच्चा दुवा आहे तो २४ तास आधीच्या सूचनेत. सूचना येते, पण कर्जाच्या जाहिराती, ओटीपी आणि कुरिअरचे निरोप यांच्या गर्दीत येते. शिवाय ही चौकट कार्ड, वॉलेट आणि यूपीआय यांच्यापुरती आहे. नॅचला ती लागू नाही.

नोंद वाचणे. वजावट थांबवण्याआधी ती कोणत्या वाटेने जाते हे शोधावे लागते, आणि त्यासाठी पासबुकाची किंवा खातेउताऱ्याची ओळ वाचता यावी लागते. ‘एसीएच डी’ किंवा ‘नॅच डीआर’ अशी सुरुवात असेल तर ती नॅचची वजावट. ‘यूपीआय’च्या ओळीत ‘मँडेट’ किंवा ‘ऑटोपे’ असे काही दिसले तर ती यूपीआयची. खरी पंचाईत नावाची होते. ॲपचे नाव एक, ते चालवणारी कंपनी दुसरी आणि पैसे गोळा करणारी पेमेंट संस्था तिसरी. उताऱ्यावर बहुधा दुसरे किंवा तिसरे नाव येते, तेही अर्धवट तुटलेले. त्यामुळे स्वतःच घेतलेली वर्गणीही माणसाला चोरी वाटते आणि कधीकधी चोरी वर्गणीसारखी दिसते. एसएमएस शुल्क, डेबिट कार्डाची वार्षिक फी, किमान शिल्लक न राखल्याचा दंड या बँकेच्या स्वतःच्या वजावटी असतात. त्यांना मँडेट नसते. त्यांच्याबद्दल थेट शाखेत विचारावे.

यूपीआय ऑटोपे ही सोय एनपीसीआयने जुलै २०२० मध्ये आणली, आणि आजचे बहुतेक सापळे तिच्यात लागतात. ‘फक्त १ रुपयात ७ दिवस’ अशी जाहिरात दिसते. माणूस बटण दाबतो आणि पिन टाकतो. तो पिन त्याच्या मते एका रुपयासाठी असतो. त्याच पडद्यावर बारीक अक्षरांत आणखी चार गोष्टी लिहिलेल्या असतात : कमाल रक्कम, उदाहरणार्थ ९९९ रुपयांपर्यंत, वारंवारता, दरमहा किंवा कंपनी मागेल तेव्हा, सुरुवातीची तारीख, आणि शेवटची तारीख, जी पुष्कळदा दहा-वीस वर्षे पुढची असते. पिन या चारही गोष्टींना मिळून दिलेला असतो. पिन टाकण्यापूर्वी कमाल रक्कम आणि शेवटची तारीख एवढे दोन आकडे वाचले तरी सापळा ओळखू येतो.

चालू मँडेट यूपीआय ॲपमध्ये ‘ऑटोपे’ किंवा ‘मँडेट’ या भागात दिसतात. तिथून ती स्थगित किंवा रद्द करता येतात. रद्द करतानाही पिन लागतो. दोन-तीन यूपीआय ॲप वापरणाऱ्याने प्रत्येकात पाहावे, कारण मँडेट ज्या ॲपमधून दिले तिथेच ते सापडण्याची खात्री असते. १ ऑगस्ट २०२५ पासून ऑटोपेच्या वजावटी गर्दीच्या वेळा टाळून, म्हणजे सकाळी १० च्या आत, दुपारी १ ते ५ आणि रात्री ९.३० नंतर केल्या जातात. खात्यात पैसे नसतील तर आणखी तीन वेळा प्रयत्न होतो. तेव्हा शिल्लक शून्यावर ठेवून वर्गणी चुकवण्याची युक्ती फार काळ टिकत नाही.

कार्डावरील मँडेट बँकेच्या ॲपमध्ये किंवा संकेतस्थळावर ‘ई-मँडेट’ अथवा ‘स्टँडिंग इन्स्ट्रक्शन’ या नावाखाली असते. वर्गणी गुगल प्ले किंवा ॲपलच्या दुकानातून घेतली असेल तर ती त्या दुकानाच्या खात्यातील सबस्क्रिप्शनच्या यादीत जाऊन रद्द करावी लागते. डेबिट कार्ड ब्लॉक करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. नॅचच्या बाबतीत तो निरुपयोगी आहे, कारण ती वजावट खाते क्रमांकावरून जाते, कार्डावरून नव्हे.

नॅचच्या प्रत्येक मँडेटला यूएमआरएन नावाचा स्वतंत्र क्रमांक असतो. तो नेटबँकिंगमध्ये किंवा शाखेत मिळतो आणि त्याच क्रमांकावर रद्द करण्याचा अर्ज द्यायचा असतो. ‘आधी कंपनीची ना-हरकत आणा’ असे काउंटरवर सांगितले गेले तर मान्य करू नये. ईसीएसच्या काळापासून असे मँडेट चेकच्या बरोबरीचे मानले गेले आहे. दिलेल्या चेकचे पेमेंट थांबवण्याची सूचना खातेदार जशी आपल्या बँकेला देतो, तशीच हीही द्यायची.

मात्र कर्जाच्या हप्त्याला हे लागू करण्यापूर्वी विचार करावा. मँडेट रद्द केल्याने कर्ज मिटत नाही. अपुऱ्या शिलकीमुळे इलेक्ट्रॉनिक वजावट परत जाणे हा पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स ॲक्ट, २००७ च्या कलम २५ खाली, चेक न वटण्याप्रमाणेच, गुन्हा ठरू शकतो. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा रकमेच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. बँकेचा बाउन्स चार्ज आणि त्यावरचा जीएसटी निराळाच.

सरकारी विमा योजनांच्या वजावटीचा वेगळा उल्लेख केला पाहिजे. मे महिन्याच्या अखेरीस असंख्य पासबुकांत ४३६ आणि २० रुपयांच्या दोन ओळी उमटतात. पहिली प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजनेची, दुसरी सुरक्षा विमा योजनेची. दोन्ही मे २०१५ मध्ये सुरू झाल्या आणि जून २०२२ पासून त्यांचे दर हे आहेत. मोबदल्यात दोन-दोन लाखांचे संरक्षण मिळते, तेव्हा सौदा वाईट नाही. तक्रार असते ती आपण सही कधी केली हेच आठवत नसल्याची, आणि खाते उघडताना दहा ठिकाणी सह्या घेतल्या जातात हे ध्यानात घेतले तर ती रास्त आहे. नको असल्यास शाखेत लेखी अर्ज देऊन योजनेतून बाहेर पडता येते. घरच्यांनी या ओळी ठाऊक असू द्याव्यात. खातेदाराच्या पश्चात विम्याचा दावा करायचा राहून जातो तो त्या कोणी न वाचल्यामुळेच.

फसव्या रचना. बाहेर पडण्याची वाट मुद्दाम लपवणे हा आता भारतात नियमभंग आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अधिसूचित केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत ‘डार्क पॅटर्न’चे तेरा प्रकार दिले आहेत. त्यांत ‘सबस्क्रिप्शन ट्रॅप’ स्वतंत्रपणे येतो : रद्द करण्याचे बटण दडवणे, प्रक्रिया लांबवणे, फुकट सेवेसाठीही पेमेंटचा तपशील सक्तीने घेणे. हा आजार जगभरचा आहे. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२३ मध्ये ॲमेझॉनवर दावा केला, त्यात प्राइम सदस्यत्व रद्द करण्याच्या लांबलचक वाटेला कंपनीतच ‘इलियड’ म्हणत असल्याचे नमूद होते. नाव ठेवणाऱ्याने होमरचे महाकाव्य निदान चाळले तरी असावे. सप्टेंबर २०२५ मध्ये हे प्रकरण अडीच अब्ज डॉलरवर मिटले. त्यांपैकी दीड अब्ज ग्राहकांना परत करण्यासाठी होते.

दाद. गेलेले पैसे परत मिळणे हे संमती होती की नव्हती यावर ठरते. खातेदाराने काहीच केलेले नसताना तिऱ्हाइताकडून पैसे काढले गेले, तर रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे तीन कामकाजी दिवसांत कळवणाऱ्यावर कोणतीही जबाबदारी येत नाही, आणि बँकेने दहा कामकाजी दिवसांत रक्कम तात्पुरती जमा करायची असते. एक रुपयासाठी म्हणून पिन टाकलेला असेल तर बँक ‘व्यवहार अधिकृत आहे’ असे उत्तर देते, आणि तांत्रिकदृष्ट्या ते खोटे नसते. अशा वेळी भांडण बँकेशी नसून कंपनीशी आहे : तिथे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ कामी येते. उघड फसवणूक असेल तर सायबर हेल्पलाइन १९३० वर ताबडतोब कळवावे. मँडेट रद्द करण्याचा अर्ज देऊनही बँकेने पैसे जाऊ दिले, तर मात्र दोष बँकेचा आणि दाद रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. तिथे आधी बँकेकडे तक्रार करून तीस दिवस थांबल्याचे किंवा बँकेचे उत्तर अमान्य असल्याचे दाखवावे लागते. म्हणून शाखेत दिलेल्या प्रत्येक अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारखेसह शिक्का आणि सही घ्यावी, आणि ॲपवरून केलेल्या तक्रारीचा क्रमांक लिहून ठेवावा.