प्रवाह सरळ करणारी पेटी

येवल्यातल्या पैठणी विणणाऱ्या घरांत पुढच्या खोलीतच माग असतो. लाकडी माग, त्यावर ताणलेले रेशीम, बाजूला कांड्या भरलेली टोपली. अशाच एका घरी आम्ही मध्यंतरी गेलो होतो, पण पैठणी पाहायला नव्हे. त्या घरातला अकरावीतला मुलगा विजेवर चालणाऱ्या सायकलीने कॉलेजला जातो. सायकलीचा चार्जर बिघडला, म्हणून त्याने बाजारातून दुसरा आणला. दोन्हींवर '४८ व्होल्ट' असेच छापलेले. पिनही बरोबर बसत होती. तरी लावण्याआधी त्याने विचारले, "सर, हा चालेल ना?"

आम्ही मल्टिमीटर लावला. नव्या चार्जरचा दाब भरला ५८.८ व्होल्ट. जुन्याच्या पाठीवर बारीक अक्षरात लिहिले होते ५४.६. फरक चार व्होल्टचा. पण सायकल रात्री ज्या खोलीत चार्ज होत असे, तिथेच माग होता आणि घरातली माणसे झोपत होती. हा चार व्होल्टचा फरक समजून घ्यायचा तर थोडे मागे जावे लागते.

घरात येणारी वीज प्रत्यावर्ती असते, म्हणजे तिची दिशा सेकंदात पन्नास वेळा पुढे-मागे होते. विद्युतघटाला मात्र एकाच दिशेने वाहणारा दिष्ट प्रवाह लागतो. गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ मध्ये पुन्हा पुन्हा भारित करता येणारा शिशाचा घट बनवला. १८८१ मध्ये गुस्ताव्ह त्रुव्हे याने पॅरिसमध्ये अशा घटांवर तीनचाकी सायकल चालवून दाखवली. म्हणजे विजेची सायकल नवी नाही. अडचण होती ती घट भरण्याची. प्रत्यावर्ती वीज सर्वत्र पसरू लागली, तसा ती 'सरळ' कशी करायची हा प्रश्न मोठा होत गेला.

या प्रश्नाचा एक ठळक अध्याय आपल्याच जिल्ह्यात घडला. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला ही देशातली पहिली विजेची रेल्वेगाडी धावली. तारेत १५०० व्होल्टचा दिष्ट प्रवाह होता. १९३० पर्यंत या तारा थळ घाट चढून इगतपुरीला पोचल्या. दिष्ट प्रवाहाच्या मोटारी सोप्या रीतीने नियंत्रित करता येत, जोरही चांगला लावत. पण वीज सरळ करणारी यंत्रे इतकी अवजड होती की ती इंजिनावर लादणे परवडत नसे. ती रुळांच्या कडेला उपकेंद्रांत बसवावी लागत. त्या काळात हे रूपांतर फिरत्या यंत्रांनी होई. नंतर पाऱ्याच्या वाफेवर चालणारे एकदिशकारक आले. पीटर कूपर ह्युइट या अमेरिकन संशोधकाने १९०२ मध्ये असा एकदिशकारक तयार केला होता. अमेरिकेत तेव्हाच्या विजेवरच्या मोटारगाड्यांचे घट त्यावरच भरले जात.

पुढे एकदिशकारक लहान झाले आणि इंजिनावर चढले. १९५९ पासून भारतात आलेल्या पहिल्या प्रत्यावर्ती इंजिनांत पाऱ्याचेच एकदिशकारक होते. नंतर त्यांची जागा सिलिकॉनने घेतली. इगतपुरीच्या पुढे मनमाडकडे २५,००० व्होल्टची प्रत्यावर्ती वीज आली, घाटाखाली मात्र दिष्टच राहिली. येवल्याहून मनमाडमार्गे मुंबईला जाणाऱ्या जुन्या प्रवाशांना इगतपुरीचा लांबलचक थांबा आठवत असेल. तिथे इंजिन बदलावे लागे. मुंबईच्या उपनगरी मार्गांवरचा दिष्ट प्रवाह पूर्णपणे संपायला २०१६ उजाडले.

एकदिशकारक लहान झाला, तरी चार्जर जड तो जडच राहिला. दोष रोहित्राचा, म्हणजे ट्रान्सफॉर्मरचा होता. रोहित्रातला दाब हा वारंवारिता, वेढ्यांची संख्या, गाभ्याचे क्षेत्रफळ आणि चुंबकीय घनता यांच्या गुणाकारावर ठरतो. पन्नासच्या वारंवारितेला तोच दाब मिळवायचा, तर लोखंड जास्त आणि तांबेही जास्त. शंभर-सव्वाशे वॅटसाठी दोन-अडीच किलोचा ठोकळा लागतो. वारंवारिता वाढवली की गाभा लहान करता येतो. हे गणित जुनेच, पण ते प्रत्यक्षात आणायला दोन गोष्टी हव्या होत्या. एक, उच्च वारंवारितेलाही न तापणारा गाभा. तो फेराइटच्या रूपाने मिळाला. काटो आणि ताकेई या जपानी संशोधकांनी १९३० मध्ये त्याचा शोध लावला. दुसरी गोष्ट, सेकंदाला हजारो वेळा उघडझाप करणारे आणि तीनशे-चारशे व्होल्ट सोसणारे स्वस्त ट्रान्झिस्टर. ते १९७०च्या दशकात सहज मिळू लागले. १९७७च्या ॲपल-२ संगणकात रॉड होल्ट यांनी असाच हलका वीजपुरवठा बसवला आणि ही पद्धत घराघरांत जाऊ लागली.

आजच्या चार्जरमध्ये घरची वीज आधी सरळ केली जाते. मग ट्रान्झिस्टर तिचे सेकंदाला पन्नास हजार ते एक लाख तुकडे करतो. बोटभर रोहित्र दाब उतरवते आणि शेवटी ती पुन्हा सरळ होते. वारंवारिता हजार-दोन हजार पटींनी वाढली म्हणून वजन तितक्या पटींनी घटत नाही, कारण फेराइटला लोखंडाइतकी चुंबकीय घनता पेलत नाही आणि तापण्याचीही मर्यादा असते. तरीही इगतपुरीच्या उपकेंद्रातले काम आता दप्तरात मावते.

राहिला प्रश्न ४८ या आकड्याचा. तो टेलिफोनकडून आला. टेलिफोन केंद्रांत दोन व्होल्टचे चोवीस शिशाचे घट ओळीने जोडलेले असत. चोवीस दुणे अठ्ठेचाळीस. मात्र ते भरलेले ठेवायला प्रत्येकी सुमारे सव्वादोन व्होल्ट, म्हणजे एकूण ५४ व्होल्ट द्यावे लागत. '४८' हे घटमालेचे नाव आहे, ती भरण्याचा दाब नव्हे. सगळा घोटाळा इथेच होतो. सायकलीच्या बाजारात या एकाच नावाखाली तीन निरनिराळ्या घटमाला आहेत. शिशाच्या चार बॅटऱ्यांना १४.४ प्रमाणे ५७.६ व्होल्ट किंवा थोडे अधिक लागतात. लिथियम लोह फॉस्फेटच्या सोळा घटांना ३.६५ प्रमाणे ५८.४. आणि नेहमीच्या लिथियम-आयनच्या तेरा घटांना ४.२ प्रमाणे ५४.६.

आता त्या मुलाचा चार्जर पाहू. ५८.८ला तेराने भागले तर प्रत्येक घटावर ४.५ व्होल्टहून अधिक येतात. इतक्या दाबाला लिथियम-आयन घटाची रचना बिघडते, तो तापतो आणि पेट घेऊ शकतो. बॅटरीत संरक्षक मंडल असते, ते बहुधा आधीच प्रवाह तोडेल. पण ते शेवटचे कुंपण आहे, रोजच्या भरवशाचे नाही.

म्हणून निवडताना आधी बॅटरीचे रसायन आणि ओळीतील घटांची संख्या पाहावी. मग चार्जरचा अंतिम दाब जुळवावा. त्यानंतर प्रवाह. ४८ व्होल्ट, १० अँपिअर-तासाच्या बॅटरीत सुमारे ४८० वॅट-तास ऊर्जा मावते. दोन अँपिअरचा चार्जर ती साडेपाच-सहा तासांत भरेल. प्रवाह याहून मोठा घ्यायचा तर बॅटरी बनवणाऱ्याने दिलेली मर्यादा ओलांडू नये. टेलिफोन केंद्रातून निवृत्त झालेले, दाब बदलता येणारे सुटसुटीत वीजपुरवठेही काही हौशी लोक वापरतात. तिथे एक गोष्ट तपासावी लागते. रिकामी बॅटरी जोडल्यावर तो पुरवठा प्रवाह ठरावीक मर्यादेत धरून ठेवतो, की बंद-चालू होत राहतो? प्रवाह धरून ठेवणारा असेल तरच तो चार्जरचे काम करील. बॅटरी भरल्यावर तो आपणहून थांबणार नाही, हेही लक्षात ठेवावे.

वर्गात हा धडा सहज घेता येईल. मुलांना घरच्या चार्जरवरचे आकडे लिहून आणायला सांगावे आणि भागाकार करून एका घटावर किती व्होल्ट येतात ते काढायला लावावे. मल्टिमीटर असल्यास बाहेर येणारा दाब शिक्षकांनी स्वतः मोजून दाखवावा. काही चार्जर बॅटरी जोडल्याशिवाय दाब दाखवत नाहीत, त्याचे कारणही मुलांना शोधू द्यावे.

त्या मुलाने चार्जर दुकानात परत केला आणि ५४.६चा आणला. आम्ही निघालो तेव्हा सायकलीची जागाही बदलली होती. ती आता मागाच्या खोलीत नव्हती, बाहेर ओसरीवर होती.