प्लास्टिकचे गांडूळ आणि नायलॉनचा तंगूस

उत्तर अमेरिकेच्या नद्या-तळ्यांत आढळणारा 'ब्लॅक बास' हा मासा नावाप्रमाणे काळा नाही आणि समुद्रातल्या बास माशांचा जवळचा नातलगही नाही. तो गोड्या पाण्यातील सनफिश या कुळातला असून हिरवट अंग, रुंद जबडा आणि दबा धरून भक्ष्यावर झडप घालण्याची सवय ही त्याची ओळख आहे. त्याच्या प्रजातीला लाभलेले 'मायक्रॉप्टेरस' म्हणजे 'लहान पराचा' हे शास्त्रीय नावही एका गैरसमजातून आले, कारण 1802 मध्ये फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ लासेपेद याच्यासमोर आलेल्या नमुन्याच्या पाठीवरचा पर मोडलेला होता आणि त्या मोडक्या तुकड्यालाच त्याने माशाचे वैशिष्ट्य मानले. मोठ्या तोंडाचा लार्जमाउथ आणि लहान तोंडाचा स्मॉलमाउथ या त्याच्या दोन प्रमुख जातींना हौशी मासेमारीत प्रतिष्ठा मिळवून देण्याचे श्रेय बव्हंशी जेम्स हेन्शॉल या अमेरिकी डॉक्टरकडे जाते. 1881 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथाने, ट्राउट आणि सामन यांपुढे हलका समजला जाणारा हा मासा सभ्य शिकारीच्या पंक्तीत आणून बसवला. या माशासाठी वापरल्या जाणाऱ्या मऊ प्लास्टिकच्या आमिषाचा इतिहास सामान्यतः एका कल्पक माणसाची गोष्ट म्हणून सांगितला जातो, पण ती मांडणी अपुरी आहे. आमिष, त्याला जोडलेला दोर आणि ज्या पाण्यात ते टाकायचे ते पाणी या तिन्ही गोष्टी विसाव्या शतकाच्या मध्यावर जवळजवळ एकाच वेळी बदलल्या आणि त्यांपैकी एक जरी जुनी राहिली असती तरी उरलेल्या दोन निरुपयोगी ठरल्या असत्या.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत बास धरण्याचे साधन म्हणजे जिवंत लहान मासे, बेडूक, गांडुळे, किंवा धातूचे चमचे व पिसांच्या माशा हेच होते. त्यानंतर मिशिगन राज्यातील डोवाजियाक या गावच्या जेम्स हेडन याने लाकडी आमिषांचा धंदा उभा केला आणि पुढची पन्नासएक वर्षे रंगवलेल्या, काचेच्या डोळ्यांच्या, पोटाखाली तीन टोकांचे गळ लटकणाऱ्या लाकडी माशांचे राज्य राहिले. या आमिषांचे काम डोळ्यांवर चाले, कारण ती पाण्याच्या वरच्या थरातून वेगाने ओढली जात आणि मासा आपण होऊन त्यांवर तुटून पडे. दोरातून बोटांना काही कळावे अशी अपेक्षाच नव्हती. तसा तो दोरही नव्हता. विणलेल्या रेशमाचे आणि तागासारख्या जवसाच्या सुताचे ते दोर पाणी पीत, कुजत, आणि दिवसाची मासेमारी संपली की रिळावरून उलगडून वाळत घालावे लागत. दोर आणि गळ यांच्यामधला जवळजवळ पारदर्शक तुकडा रेशीमकिड्याच्या ग्रंथीपासून बनवीत: कोष विणायला आलेली अळी आंबट द्रावणात भिजवून, तिच्या रेशीमग्रंथी बाहेर काढून त्यांची हातभर तार ओढत, आणि हा उद्योग मुख्यतः स्पेनच्या मुर्सिया प्रांतात चाले. असा धागा कोरडा असताना ठिसूळ असल्याने वापरण्यापूर्वी भिजवावा लागे, आणि त्याची लांबी अळीच्या देहाने ठरवून दिलेली असल्याने त्याचे शंभर मीटरचे रीळ होणे शक्यच नव्हते.

बदलाची पहिली चाहूल मासेमारीशी काहीही संबंध नसलेल्या ठिकाणी लागली. ओहायो राज्यातील अॅक्रन हे मोटारींच्या टायरांचे शहर होते आणि तेथील बी. एफ. गुडरिच कंपनीत वॉल्डो सीमन हा रसायनशास्त्रज्ञ रबर धातूला चिकटवणारे द्रव्य शोधत होता. 1926 मध्ये त्याने पॉलिव्हिनाइल क्लोराइड, म्हणजे आज पीव्हीसी म्हणून घरोघरी ठाऊक असलेले पण त्या काळी टाकाऊ समजले जाणारे ताठ प्लास्टिक, उच्च तापमानाला उकळणाऱ्या द्रावकात तापवले. हाती आले ते चिकट द्रव्य नव्हे, तर थंड झाल्यावर वाकणारा आणि उसळणारा एक लवचीक पदार्थ. ताठ प्लास्टिकच्या रेणूंमध्ये शिरून त्यांना एकमेकांवरून घसरू देणाऱ्या अशा तेलकट द्रवाला प्लास्टिसायझर म्हणतात आणि त्याचे प्रमाण वाढवत नेले की तेच पीव्हीसी पाण्याच्या नळाऐवजी विजेच्या तारेवरचे वेष्टन, आणि वेष्टनाऐवजी जेलीसारखा गोळा होऊ शकते.

याच अॅक्रनमध्ये राहणाऱ्या निक क्रीम या कारागिराने 1949 मध्ये पत्नी कॉस्मा हिच्या मदतीने घरच्या घरी व्हिनाइल, तेले आणि रंग यांची मिश्रणे शिजवून, खऱ्या गांडुळावरून घेतलेल्या साच्यात ती ओतली. रबराची कृत्रिम गांडुळे त्यापूर्वीही विकली जात, पण ती कडक असत आणि माशाच्या तोंडात क्षणभरही टिकत नसत, कारण बास भक्ष्य दातांनी पकडत नाही. तो जबडा अचानक उघडून पाण्याच्या घोटाबरोबर ते आत ओढतो आणि कठीण किंवा परके वाटले तर तितक्याच झटकन बाहेर थुंकतो. क्रीमचे गांडूळ जिवंत मांसाइतके मऊ असल्याने मासा ते थोडा अधिक वेळ धरून ठेवी, आणि या आमिषाचे सगळे यश त्या थोड्या अधिक वेळात साठलेले आहे. 1951 पासून ही गांडुळे टपालाने डॉलरला पाच या भावाने विकली जाऊ लागली. मात्र त्यांच्यासोबत एकाहून अधिक गळ, मणी आणि छोटा पंखा असलेला सरंजाम जोडलेला असे, म्हणजे आमिष नवे असले तरी ते वापरण्याची कल्पना लाकडी माशाच्या काळातलीच होती.

दोराची कथा याच सुमारास वेगळ्या वाटेने येत होती. ड्यू पॉन्ट कंपनीत वॉलेस कॅरदर्स याच्या प्रयोगशाळेत 1935 मध्ये तयार झालेले नायलॉन 1938 मध्ये जगापुढे जाहीर झाले. दात घासण्याच्या ब्रशांचे केस आणि स्त्रियांचे पायमोजे यांची चर्चा फार झाली, पण 1939 पासून त्याच द्रव्याचा एकसंध मासेमारीचा धागाही निघू लागला होता. विणलेला नव्हे तर एकाच अखंड तंतूचा असा हा धागा इंग्रजीत 'मोनोफिलामेंट' आणि कोकणपट्टीत तंगूस या नावाने ओळखला जातो. महायुद्धात नायलॉन हवाई छत्र्यांकडे वळले आणि युद्धानंतर परत आलेला तंगूस इतका ताठ व स्प्रिंगसारखा गुंडाळी धरणारा होता की जुन्या फिरत्या रिळावर त्याचे गुंते होत. हा प्रश्न अर्धा रिळाने आणि अर्धा रसायनाने सोडवला. ओक्लाहोमातील टल्सा येथे तेलविहिरींसाठी वेळेवर फुटणारे बॉम्ब बनवणाऱ्या झीरो अवर बॉम्ब कंपनीने 1949 मध्येच, म्हणजे क्रीमच्या गांडुळाच्याच वर्षी, आर. डी. हल याने रचलेले बंदिस्त रीळ बाजारात आणले. वाणसामानाच्या दुकानात स्थिर गुंडाळीच्या टोकावरून सुतळी सरसर सुटते तसा त्यातून धागा सुटे आणि नवशिक्यालाही आमिष दूर फेकता येई. झेबको या नावाने घरोघरी पोचलेल्या त्या रिळाच्या मागे ड्यू पॉन्टचा 'स्ट्रेन' आणि आयोवातील बर्कली कंपनीचा 'ट्रायलीन' हे 1950 च्या दशकाच्या अखेरीस आलेले मऊ, बारीक आणि गाठ नीट धरणारे धागे आले, तेव्हा कुठे तंगूस सामान्य माणसाच्या हाती खऱ्या अर्थाने बसला.

तिसरी गोष्ट पाण्याची, आणि इतिहासाच्या दृष्टीने हीच सर्वांत वजनदार आहे. 1933 मध्ये टेनेसी खोरे प्राधिकरण स्थापन झाल्यापासून पुढची चार दशके अमेरिकेच्या दक्षिणेत पूरनियंत्रण, वीज आणि पाणीपुरवठा यांसाठी धरणांमागून धरणे बांधली गेली, आणि त्यांच्या जलाशयांत मुळांसकट उभी जंगले, कुंपणे आणि रस्ते बुडाले. टेक्सासातील सॅम रेबर्न जलाशय 1960 च्या दशकाच्या मध्यावर भरला आणि त्याच दशकाच्या अखेरीस टेक्सास-लुईझियाना सीमेवर साबीन नदीवरील टोलेडो बेंड हा सुमारे 75,000 हेक्टरांचा विस्तार उभा राहिला. दबा धरणाऱ्या बासाला बुडालेल्या झाडांची जंगले म्हणजे हक्काचा आसरा होता, पण तीन टोकांचे गळ लटकणारा लाकडी मासा तेथे टाकणे म्हणजे तो फांदीला अर्पण करणे होते.

क्रीमने आपला उद्योग पूर्व टेक्सासातील टायलर गावी नेला, आणि त्याच परिसरात 'टेक्सास रिग' म्हणून प्रसिद्ध झालेली जोडणी रूढ झाली. ती कोणा एकाच्या नावावर टाकता येत नाही. तीत शंकूच्या आकाराचे, मधोमध भोक असलेले शिसे दोरावर मोकळे ओवतात, त्याखाली एकच मोठा गळ बांधतात, गळाचे टोक गांडुळाच्या डोक्यात घालून बाजूने काढतात, मग गळ फिरवून तेच टोक गांडुळाच्या अंगात पुन्हा लपवतात. त्यामुळे ते फांद्यांत अडकत नाही, पण मासा चावला आणि माणसाने जोराचा हिसका दिला की मऊ अंग फाडून बाहेर येते आणि जबड्यात रुतते. पंखा आणि मणी गळून पडले. या जोडणीत आमिष स्वतः काहीच करत नाही, ते तळावर पडून असते; त्याला उचलणे, खाली सोडणे, थांबवणे हे सारे काठीच्या टोकातून करावे लागते आणि माशाचा होकार दोरातून आलेल्या एखाद्या हलक्या टिचकीने किंवा दोर बाजूला सरकू लागल्याने कळतो. लाकडी माशाच्या काळात डोळ्यांचे असलेले कसब येथे बोटांचे झाले, आणि पाणी पिऊन जड झालेल्या रेशमाच्या दोरावर ते कधीच जमले नसते.

या तंत्राचा प्रसार व्हायला स्पर्धांची गरज होती. अलाबामाचा विमा एजंट रे स्कॉट याने जून 1967 मध्ये आर्कान्सातील बीव्हर जलाशयावर प्रत्येकी 100 डॉलर प्रवेशशुल्क घेऊन 106 मासेमारांची स्पर्धा भरवली, पुढच्या वर्षी 'बास' ही संघटना स्थापन केली, आणि 1972 पासून पकडलेले मासे जिवंत ठेवून परत सोडण्याची चाल पाडली. तोवर प्रत्येक तळ्याकाठी गुपित म्हणून जपली गेलेली जोडणी स्पर्धकांच्या मासिकांतून देशभर गेली. अलाबामातीलच युफॉला गावच्या टॉम मान याने गांडुळांना फळांचे वास आणि रंग देऊन 'जेली वर्म' नावाने ती अमाप खपवली. स्ट्रॉबेरीच्या वासाच्या अशाच एका गांडुळावर त्याने 1973 मध्ये पकडलेला आणि पुढे टाकीत पाळलेला 'लेरॉय ब्राउन' नावाचा बास मेल्यावर त्याचा रीतसर अंत्यविधी झाला आणि त्याच्यासाठी स्मारकशिलाही उभी राहिली. स्ट्रॉबेरीच्या वासाने बास भुलतो की त्याचा ग्राहक, हा प्रश्न तेव्हाही विचारता आला असता. जांभळ्या गांडुळाची लोकप्रियताही अशीच आहे, कारण तळ्यात जांभळे गांडूळ राहत नाही. गढूळ पाण्यात गडद आणि नितळ पाण्यात फिकट, काहीसा पारदर्शक रंग निवडावा हा अनुभवाचा नियम मात्र टिकला. लुईझियानातील मिस्टर ट्विस्टर कंपनीच्या वळदार शेपटीने पाण्यात थरथर आणली, तर ओक्लाहोमाच्या जीन लॅरू याने प्लास्टिकमध्येच मीठ मिसळून चवीचा आणि वजनाचा प्रश्न एकदम हाताळला.

मिठाचे वजन पुढे निर्णायक ठरले. 1990 च्या दशकात अॅरिझोनातील गॅरी यामामोतो याने बॉलपेनाच्या आकारावरून बेतलेले 'सेन्को' हे जवळजवळ निराकार आमिष काढले; ते शिशाशिवाय, आडवे राहून, दोन्ही टोके हलकेच थरथरवत बुडते, आणि बहुतेक मासे ते बुडत असतानाच घेतात. अशा आमिषाने दोराची निवड पुन्हा ऐरणीवर आणली. नायलॉन पाणी शोषते, ताणले असता बरेच लांबते आणि सावकाश बुडते. जपानच्या कुरेहा कंपनीने 1971 मध्ये आणलेला फ्लुओरोकार्बनचा धागा पाणी शोषत नाही, त्याची घनता पाण्याच्या पावणेदोनपट असल्याने तो झटकन बुडतो, आणि प्रकाश वाकवण्याचे प्रमाण म्हणजे अपवर्तनांक सुमारे 1.42, पाण्याच्या 1.33 ला नायलॉनपेक्षा जवळचा, असल्याने तो माशाला कमी दिसतो. 1990 च्या दशकाच्या आरंभी, गोळीरोधक जाकिटांत वापरल्या जाणाऱ्या पॉलिइथिलीनच्या तंतूंचे विणलेले दोर आले. ते सहा पौंड ताकदीच्या नायलॉनच्या जाडीत वीस पौंड ताण सहन करतात, जवळजवळ लांबत नाहीत, पण पाण्यावर तरंगतात आणि नितळ पाण्यात उघड दिसतात. म्हणून दाट वनस्पतींत विणलेला दोर, नितळ पाण्यात तळावर फ्लुओरोकार्बन, आणि पृष्ठभागाजवळ किंवा शिकणाऱ्याच्या हाती साधा तंगूस, अशी वाटणी स्थिरावली; ती विक्रेत्यांनी जितकी गुंतागुंतीची करून ठेवली आहे तितकी मुळात नाही.

ज्या गुणाने हे आमिष यशस्वी झाले, तोच गुण त्याचा दोषही आहे. प्लास्टिसायझर पदार्थात घट्ट बांधलेला नसतो. म्हणून पॉलिस्टायरीनच्या साध्या डबीत ठेवलेली गांडुळे डबी वितळवून तिला चिकटतात, एका रंगाची दुसऱ्याला डाग लावतात, आणि तळ्यात तुटून पडलेली कुजत नाहीत तर पाणी शोषून फुगतात. अमेरिकेच्या मेन राज्यात 2013 मध्ये अशा आमिषांवर बंदीचा प्रस्ताव विधिमंडळात आला, पण तो मंजूर झाला नाही.

बास स्वतः मात्र अमेरिकेबाहेर गेला. 1925 मध्ये तो जपानच्या आशी सरोवरात सोडला गेला, तेथून पसरत बिवा सरोवरात पोचला, आणि आज तेथे तो स्थानिक माशांचा फडशा पाडणारा उपद्रवी परदेशी म्हणून कायद्याने गणला जातो. लार्जमाउथ बासाचा जागतिक विक्रम 22 पौंड 4 औंसांचा असून तो जॉर्ज पेरी याने 1932 मध्ये जॉर्जिया राज्यात लाकडी आमिषावर नोंदवला. 2009 मध्ये मानाबू कुरिता याने बिवा सरोवरात त्याची बरोबरी केली, ती गळाला लावलेल्या जिवंत ब्लूगिल माशावर. प्लास्टिकच्या गांडुळाच्या नावावर हा विक्रम अद्याप नाही.