पास झाला, म्हणजे काय झालं?

श्रोतेहो, अकोल्याहून वाशीमला जाताना पातूर मागे पडलं की घाट लागतो, आणि घाट चढून वर आलं की मेडशी गाव येतं. तिथल्या एखाद्या शेतकऱ्याला विचारा, "पास म्हणजे काय हो?" तो वखराकडे बोट दाखवील. वखराची पास म्हणजे जमिनीतून चालणारं लोखंडी पातं. हाच प्रश्न शाळेतल्या पोराला विचारा. तो निकालाचं बोलेल. कानाला शब्द एकच. पण एक शेतातला आणि दुसरा इंग्रजीतून आलेला. आज या दुसऱ्या शब्दाची हकीगत ऐकायची आहे.

इंग्रजीत 'पास' हे क्रियापद आहे. त्याचं मूळ लॅटिन भाषेतल्या 'पाऊल' या अर्थाच्या शब्दात सापडतं. तिथून ते फ्रेंचमध्ये आणि पुढे इंग्रजीत आलं. पाऊल टाकत पलीकडे जाणं, हा त्याचा गाभा. म्हणून डोंगर ओलांडायच्या वाटेला, म्हणजे आपल्या घाटालाही, इंग्रज 'पास'च म्हणतो. वेळ गेली, वाटेत कुणी आपल्याला ओलांडून पुढे गेलं, ताटावर बसलेल्यानं मिठाची वाटी शेजाऱ्याकडे सरकवली, सभेनं ठराव मंजूर केला, या सगळ्यांना त्याचं हे एकच क्रियापद पुरतं. त्याला एक छोटा शब्द जोडला की 'वारला' असाही अर्थ होतो! गुरुजनांना म्हणूनच विनंती, की मुलांकडून 'पास म्हणजे उत्तीर्ण होणे' एवढंच घोकून घेऊ नका. आधी ओलांडण्याचं चित्र दाखवा. बाकीचे अर्थ मुलं आपणच ओळखतील.

हा शब्द आपल्याकडे रुळला तो कचेरी, रेल्वे आणि परीक्षा यांच्या वाटेनं. १८५३ साली निजामानं वऱ्हाडचा कारभार इंग्रजांच्या हाती दिला. १८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झालं आणि १८५९ साली त्याची पहिली मॅट्रिकची परीक्षा झाली. महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे त्या पहिल्या तुकडीतले. मराठीनं या पाहुण्याला आपल्या रीतीनं वागवलं. त्याच्यामागे 'होणे' आणि 'करणे' लावलं : पोरगा पास झाला, साहेबानं बिल पास केलं. प्रवासाच्या परवान्याचाही पास झाला, आणि रिकामा वेळ घालवण्याचा 'टाइमपास' झाला.

पण खरी गंमत पुढेच आहे. जो पास झाला नाही, त्याला काय म्हणायचं? नाराज, नापसंत या शब्दांतला फारसी 'ना' आपण उचलला, इंग्रजी शब्दाला जोडला, आणि 'नापास' तयार केला. गुजरातीतही तो आहे; इंग्रजांच्या कोशात मात्र मिळायचा नाही. हे नाणं आपल्याच टाकसाळीतलं!

आता थोडं थांबून विचार करू या. 'उत्तीर्ण' या संस्कृत शब्दाचाही अर्थ पलीकडे पोचलेला, पार उतरलेला असाच आहे. दोन्ही भाषांना परीक्षा म्हणजे वाटेतली नदी किंवा घाट वाटला. मग जो पार झाला नाही, तो फक्त अजून अलीकडच्या तीरावर आहे. पण आपण 'नापास' हे पोराचं विशेषण करून टाकलं. "तो ना? नापास पोरगा!" एका दिवसाचा निकाल जन्माची ओळख होऊन बसला. त्या एका शब्दापायी किती पोरांची शाळा सुटली, हे गावोगावच्या शिक्षकांना ठाऊक आहे.

कायद्यानंही याचा विचार केला. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं आठवीपर्यंत कुणालाही मागे ठेवायचं नाही असं ठरवलं. २०१९ च्या दुरुस्तीनं पाचवी आणि आठवीला परीक्षा घेऊन मागे ठेवण्याची मुभा राज्यांना दिली. कायदा असा बदलत राहील. घरातली आणि वर्गातली भाषा मात्र आपल्या हाती आहे. "गणित राहिलंय, पुन्हा बसू," एवढं म्हटलं तरी वाट उघडी राहते.

आणि शेवटी आपल्या वखराकडे वळू या. पास बोथट झाली म्हणून कुणी शेतकरी ती उकिरड्यावर फेकत नाही. तो ती लोहाराकडे नेतो, धार लावून आणतो आणि पुन्हा वखराला जोडतो. पोरांच्या बाबतीत एवढी समज आपण दाखवायला नको का?