पॅड बांधून बसलेला

कांगा लीगमध्ये मी तेवीस पावसाळे स्कोअर लिहिला. दमट वहीत एखाद्या नावापुढचे सगळे रकाने कोरेच राहायचे. त्याची बॅटिंग आली नाही, बॉलिंग मिळाली नाही, झेलही नाही. तो पोरगा दुपारभर पॅड बांधून बसला होता, हे वहीला कुठलं कळायला?

बेसबॉलच्या आकडेवारीत आर्चिबाल्ड ‘मूनलाइट’ ग्रॅहमची ओळ दिसली आणि माझं बोट तिथेच अडलं. सामना १, बॅटिंग ०.

२९ जून १९०५. न्यूयॉर्क जायंट्स ब्रुकलिनमध्ये खेळत होते. सामना खिशात आल्यावर मॅनेजर जॉन मॅग्रॉनं आठव्या इनिंगमध्ये जॉर्ज ब्राउनला बसवलं आणि ग्रॅहमला राइट फील्डला धाडलं. चेंडू तिकडे फिरकलाच नाही. नवव्या इनिंगमध्ये पुढचा नंबर त्याचा. तो बॅट घेऊन तयार. तेवढ्यात क्लॉड एलियट झेल देऊन तिसरा आउट झाला. मग पुन्हा फिल्डिंग, ११-१ असा विजय आणि मेजर लीगची कारकीर्द समाप्त.

पुढे तो काही वर्षं खालच्या लीगमध्ये खेळला. डॉक्टरकी शिकलेलाच होता. १९०९ मध्ये मिनेसोटातल्या चिझम या लोखंडाच्या खाणींच्या गावी गेला आणि तिथलाच झाला. त्याचा धाकटा भाऊ फ्रँक आपल्याकडच्या जुन्या वाचकांना आठवेल. १९५१ मध्ये काश्मीर प्रश्नावर संयुक्त राष्ट्रांनी मध्यस्थ म्हणून पाठवलेले ते हेच डॉ. ग्रॅहम.

डब्ल्यू. पी. किन्सेला यांनी १९८२ च्या कादंबरीत आर्चिबाल्डला आणलं. ‘फील्ड ऑफ ड्रीम्स’ या १९८९ च्या सिनेमात बर्ट लँकेस्टरनं तो रंगवला. पण सिनेमावाल्यांनी सामना उचलून १९२२ मध्ये नेला. स्कोअररला हे खपत नाही. डॉक्टर स्वतः १९६५ मध्येच गेले होते.

मला मात्र त्यांची दुसरी वही जास्त मोलाची वाटते. चिझमच्या शाळांचे डॉक्टर म्हणून ते वर्षानुवर्षं मुलांचा रक्तदाब मोजून लिहून ठेवत राहिले. निरोगी मुलाचा रक्तदाब किती असावा, यावरचा त्यांचा शोधनिबंध मेयो क्लिनिकच्या सहकाऱ्यांसोबत १९४५ मध्ये छापून आला. एका मुलाचं नाव, एक आकडा. मग पुढचं मूल. त्या वहीत रकाना कोरा ठेवून चालणार नव्हतं.